मर्कॅप्टोप्युरिन : रक्ताच्या कर्करोगातली घरी द्यायची केमो समजून घेताना

लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातल्या 'एएलएल'च्या उपचारात पहिले काही महिने बहुतेक सगळे रुग्णालयातच घडते. सलाईन, इंजेक्शने, पाठीतली केमो, रक्त चढवणे, सगळे परिचारिकांच्या हातून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होते. मग एक दिवस 'आता मेंटेनन्स (आजार पुन्हा उलटू नये म्हणून चालणारा लांबचा टप्पा) सुरू' असे सांगून गोळ्यांची पाकिटे हातात दिली जातात, आणि पुढची साधारण दीड ते दोन वर्षे केमो देण्याचे काम घरच्यांचे होते. या टप्प्यातले मुख्य औषध म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, ज्याला ओपीडीत सगळे 'सिक्स एमपी' म्हणतात. मी या टप्प्यातून पालक म्हणून गेले आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे खाली दिलेल्या आकड्यांचा उपयोग तुमच्या डॉक्टरांचे सांगणे समजून घेण्यासाठी आणि पडताळण्यासाठी करावा, स्वतः मात्रा ठरवण्यासाठी कधीही करू नये.

१. औषध काय करते, ते आधी समजून घ्या

पेशीला स्वतःची दुसरी प्रत तयार करायची असेल तर तिला डीएनए लिहावा लागतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या घटकांपैकी एक गट प्युरिनांचा असतो. मर्कॅप्टोप्युरिन दिसायला प्युरिनासारखे आहे. पेशी ते आपलेच समजून आत घेते, त्याचे रूपांतर थायोग्वानिन न्यूक्लिओटाइडांमध्ये होते, ते डीएनएत बसवले जातात आणि पुढची प्रत बिघडते. जी पेशी वेगाने विभागते, ती या फसवणुकीला अधिक बळी पडते. कर्करोगाच्या लपून राहिलेल्या पेशी अशाच असतात, पण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही वेगानेच विभागतात, आणि म्हणून या औषधाने काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, उतरतात.

हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधले. १९५३ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली, आणि १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत विभागून मिळाले. इतके जुने असूनही ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आजही आहे. 'सत्तर वर्षांपूर्वीची गोळी देतात, नवीन काही नाही का?' असे विचारणारे नातेवाईक प्रत्येक घरात भेटतात. त्यांना एवढे सांगितले तरी पुरते.

२. सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या

पहिली गोष्ट जनुकीय तपासणीची. शरीरात हे औषध निष्प्रभ करण्याचे काम करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) दोन महत्त्वाची आहेत : टीपीएमटी आणि एनयूडीटी१५. ज्याच्या शरीरात यांपैकी एखादे विकर जन्मतःच कमी काम करते, त्याला नेहमीची मात्राही फार जास्त ठरते आणि काउंट धोकादायक रीतीने कोसळतात. युरोपीय वंशाच्या लोकांत टीपीएमटीचा दोष अधिक आढळतो. भारतासह आशियातल्या लोकांत एनयूडीटी१५ चा दोष जास्त महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या मराठी पालकांनी 'टीपीएमटी तपासले, ते नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान न मानता 'एनयूडीटी१५ ही पाहिले का?' असे जरूर विचारावे. तपासणी झालेली नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, अधिक वेळा करून डॉक्टर तोच अंदाज घेतात. फक्त त्या आठवड्यांतली एकही तपासणी चुकवू नये.

दुसरी गोष्ट ॲलोप्युरिनॉलची. निदान झाल्यावर पहिल्या दिवसांत युरिक ॲसिड वाढू नये म्हणून अनेक मुलांना हे औषध दिलेले असते आणि त्याच्या उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यात पडून असतात. हे औषध मर्कॅप्टोप्युरिन मोडणारे झँथिन ऑक्सिडेज हे विकर अडवते, आणि मग त्याच गोळीचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच दोन्ही एकत्र द्यायची वेळ आली तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा एक चतुर्थांश ते एक तृतीयांशापर्यंत खाली आणावी लागते. गंमत अशी की ॲलोप्युरिनॉल मुळात एलियन-हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेत, मर्कॅप्टोप्युरिन लवकर मोडू नये या हेतूने तपासले गेले होते. गाउटवरचे, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवरचे, औषध ही त्याची ओळख नंतरची. काही मुलांच्या यकृतावर ताण येतो तेव्हा तज्ज्ञ हे दोन्ही मुद्दाम एकत्र देतातही, पण तो पूर्णपणे त्यांचा निर्णय असतो. तुम्ही जुन्या गोळ्या परत करा, आणि आजोबांना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर त्यांचा डबा वेगळ्या कपाटात ठेवा.

३. मात्रा कशी ठरते, ते एकदा कागदावर करून पाहा

मात्रा मुलाच्या वयावर ठरत नाही, शरीराच्या पृष्ठफळावर ठरते. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला ३६०० ने भागायचे आणि उत्तराचे वर्गमूळ काढायचे. समजा, मुलाची उंची ११० सेंमी आणि वजन १८ किलो आहे. गुणाकार १९८०, भागाकार ०.५५, वर्गमूळ साधारण ०.७४ चौरस मीटर. सुरुवातीची मात्रा वेगवेगळ्या प्रोटोकॉलांत (उपचाराच्या ठरलेल्या आराखड्यांत) दर चौरस मीटरला रोज ५० ते ७५ मिग्रॅ अशी असते. ती ६० धरली तर या मुलाला रोज सुमारे ४४ मिग्रॅ लागतील.

गोळी मात्र ५० मिग्रॅची येते, आणि बहुतेक पालक इथेच गोंधळतात. रोज गोळीचा अचूक तुकडा पाडणे शक्य नसते, म्हणून डॉक्टर आठवड्याची एकूण मात्रा पाहतात. वरच्या उदाहरणात ती साधारण ३११ मिग्रॅ होते, म्हणजे आठवड्याला जवळपास सहा गोळ्या. त्या 'पाच दिवस एक गोळी, दोन दिवस अर्धी' अशा दिल्या जाऊ शकतात. चिठ्ठीवर असे वेगवेगळ्या दिवसांचे वेगवेगळे आकडे दिसले तर ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. घरी आल्याबरोबर कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत त्या त्या दिवसाची मात्रा पेनने लिहून टाका. मुलाची उंची-वजन वाढते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी हा हिशेब बदलायला हवा. तो बदलला का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

४. रोजचे औषध आणि आठवड्याचे औषध कधीही एका डब्यात ठेवू नका

संपूर्ण लेखात एकच परिच्छेद वाचायचा असेल तर हा वाचावा. मेंटेनन्समध्ये मर्कॅप्टोप्युरिन रोज द्यायचे असते आणि मेथोट्रेक्सेट हे केमोचे दुसरे औषध आठवड्यातून एकदाच. दोन्ही नावे 'म'ने सुरू होतात, दोन्हींच्या गोळ्या अनेकदा पिवळसर असतात, आणि दोन्ही एकाच चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिलेली असतात. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले गेले तर तोंड आणि आतडे सोलून निघते, काउंट शून्याकडे जातात आणि जीवही जाऊ शकतो. असे अपघात जगभर झालेले आहेत, आणि ते निष्काळजी माणसांकडूनच होतात असे नाही. आजी-आजोबांकडे मूल दोन दिवस राहिले, चिठ्ठी कोणी तरी फोनवर वाचून दाखवली, एवढ्यानेही ते घडू शकतात.

मेथोट्रेक्सेटचा वार ठरवा आणि तो संपूर्ण उपचारात बदलू नका. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढेच लिहिलेले असेल तर डॉक्टरांकडून वाराचे नावही लिहून घ्या. ज्या आठवड्यात पाठीतून मेथोट्रेक्सेट दिले जाते, त्या आठवड्यात अनेक प्रोटोकॉलांत तोंडाने द्यायचे मेथोट्रेक्सेट गाळतात. तुमच्याकडे तसे आहे का, ते आधीच विचारून ठेवा.

दुसरा सापळा गोळीच्या ताकदीचा आहे. मेथोट्रेक्सेट २.५ मिग्रॅ, ५ मिग्रॅ, ७.५ मिग्रॅ आणि १० मिग्रॅ अशा वेगवेगळ्या गोळ्यांत मिळते. वरच्या उदाहरणातल्या मुलाला, दर चौरस मीटरला २० मिग्रॅ या हिशेबाने, सुमारे १५ मिग्रॅ म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या लागतात. तुम्हाला 'सहा गोळ्या' एवढेच पाठ असेल आणि या वेळी केमिस्टने १० ची पट्टी दिली, तर पोटात ६० मिग्रॅ जातील. त्यामुळे मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये लक्षात ठेवा आणि पट्टी दुकानातच, काउंटर सोडण्यापूर्वी वाचा.

तिसरा सापळा नावातल्या आकड्याचा. '६-एमपी' मधला ६ हा रसायनाच्या रचनेतला क्रमांक आहे, गोळ्यांची संख्या नाही. तो आकडा मात्रा समजला जाऊन सहापट औषध जाण्याचा धोका असल्यामुळे औषध-सुरक्षेचा विचार करणारे तज्ज्ञ आता नुसते 'मर्कॅप्टोप्युरिन' असे लिहायला सांगतात. तुमच्या वहीतही तसेच लिहा.

५. गोळी देण्याची पद्धत ठरवा

गोळी संध्याकाळीच द्यावी, रिकाम्या पोटीच द्यावी, दुधासोबत अजिबात देऊ नये, असे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. या सांगण्यामागे कारणे होती : रात्री घेतलेले औषध अधिक उपयोगी पडते असे जुन्या अभ्यासांत दिसले होते, आणि दुधात हे औषध मोडणारे झँथिन ऑक्सिडेज असते. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात गोळी जेवणासोबत घेतली की दुधासोबत, सकाळी की रात्री, याचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. त्याच संशोधकांच्या गटाने, स्मिता भाटिया यांच्या नेतृत्वाखाली, २०१५ मध्ये दाखवले होते की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका सुमारे २.७ पट होता. माझ्या मते या दोन निष्कर्षांतून एकच व्यवहार निघतो : नियम इतके कडक करू नका की त्यांच्यापायी गोळीच बुडेल. रुग्णालयाने विशिष्ट वेळ सांगितली असेल तर ती पाळा. सांगितली नसेल तर घरात रोज हमखास जमेल अशी एकच वेळ निवडा. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी आपण रेषेखाली जातो, हे लक्षात असू द्या.

गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. वहीत तशी नोंद करावी. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायची की नाही, याचा नियम प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा असतो, म्हणून तो शांत वेळी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, रात्री दहा वाजता शोधत बसू नये.

हे केमोचेच औषध असल्यामुळे गोळी हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने गोळीला हात लावू नये, आणि अर्धी गोळी करायचे कटर फक्त याच कामासाठी ठेवावे. ओट्यावरच्या खलबत्त्यात गोळी कुटू नका, कारण तिची भुकटी हवेत उडते आणि भांड्यात राहते. मूल गोळी गिळत नसेल तर ती कशी द्यायची, हे रुग्णालयाच्या औषधविभागाकडून शिकून घ्या. युरोपात २०१२ पासून आणि अमेरिकेत २०१४ पासून तयार पातळ औषधही मिळते, त्यामुळे तिथल्या पालकांनी त्याची चौकशी करावी.

६. काउंट वाचायला शिका, आणि 'लो' या शब्दाला घाबरू नका

सीबीसीच्या कागदावर मोठ्या माणसांच्या मापाने 'नॉर्मल' आकडे छापलेले असतात, आणि तुमच्या मुलाच्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'लो' येते. हे पाहून गावातले डॉक्टर कधीकधी चांगल्या हेतूने गोळी बंद करायला सांगतात. पण या औषधाची मात्रा काउंट मुद्दाम थोडे खाली राहतील अशीच ठरवलेली असते. अनेक प्रोटोकॉलांत एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल पेशींची प्रत्यक्ष संख्या, ५०० किंवा ७५० पासून १,५०० पर्यंत ठेवण्याचा प्रयत्न असतो. एएनसी सतत वर राहणे, मूल कितीही टवटवीत दिसत असले तरी, मात्रा अपुरी असल्याचे किंवा गोळ्या बुडत असल्याचे लक्षण असू शकते.

एएनसी काढणे सोपे आहे. एकूण पांढऱ्या पेशी २,८०० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के असतील तर एएनसी १,२६०, म्हणजे हवी तिथेच. उलट एकूण पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल १२ टक्के असतील तर एएनसी फक्त ३६०, म्हणजे त्याच दिवशी फोन करायची वेळ, जरी पहिल्या उदाहरणापेक्षा एकूण आकडा मोठा असला तरी. एएनसी ५०० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्यास बहुतेक ठिकाणी गोळ्या काही दिवस थांबवतात आणि काउंट वर आले की पुन्हा सुरू करतात. सलग काही तपासण्यांत एएनसी १,५०० च्या वर राहिली तर मात्रा वाढवतात. मात्रा बदलल्यावर तिचा परिणाम काउंटमध्ये दिसायला एक-दोन आठवडे जातात. या दोन वर्षांत मात्रा अनेकदा खाली-वर होते, गोळी अनेकदा थांबते. त्याचा अर्थ उपचार फसला असा होत नाही. मेंटेनन्सची पद्धतच तशी आहे. थांबवणे आणि सुरू करणे मात्र तुमच्या कर्करोग केंद्रानेच ठरवायला हवे, म्हणून गावात तपासणी केली की कागदाचा फोटो त्यांना पाठवून उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.

यकृताच्या तपासणीत एसजीपीटी (यकृताला ताण आला की रक्तात वाढणारे विकर) काही पटींनी वाढलेले दिसणे या काळात नेहमीचे आहे. बिलिरुबिन वाढणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे याला मात्र अधिक महत्त्व आहे. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : लहान मुलांत, रात्रभराच्या उपवासानंतर, या औषधामुळे रक्तातली साखर उतरू शकते. सकाळी मूल घामाघूम, मलूल किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल तर साखर तपासायला हवी. पाठीतल्या इंजेक्शनसाठी उपाशी ठेवायच्या दिवशी हे आधीच सांगा, म्हणजे नंबर लवकर लावता येतो.

७. घरात येणारी बाकीची औषधे, काढे आणि लसी

'रक्त वाढवायचे' टॉनिक न विचारता देऊ नये. त्यात बहुतेक वेळा फॉलिक ॲसिड असते, आणि मेथोट्रेक्सेट नेमका त्याचाच मार्ग अडवून काम करते. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. ज्या मुलाच्या यकृतावर आधीच दोन औषधांचा भार आहे, त्याला तो काढा प्रेमापोटीही देऊ नये. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनही नको. को-ट्रायमॉक्साझोल मात्र आठवड्यातले ठरलेले दिवस द्यायचेच असते, कारण ते न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या गंभीर संसर्गापासून वाचवते. 'अँटिबायोटिक किती दिवस द्यायचे' म्हणून ते मनाने बंद करू नका.

जिवंत विषाणूंच्या लसी या मुलांना देत नाहीत. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना हे नम्रपणे सांगा, आणि लहान भावंडालाही तोंडाच्या थेंबांऐवजी इंजेक्शनची पोलिओ लस द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. शाळेत किंवा वाड्यात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाल्याचे कळले, आणि तुमचे मूल त्याच्या संपर्कात आले असेल, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. बचावाचे उपचार संपर्कानंतरच्या मोजक्या दिवसांतच उपयोगी पडतात.

८. ताप आला तर

काखेत किंवा तोंडात ताप १०१ अंश फॅरनहाइट एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ते तातडीचे समजून रुग्णालय गाठायचे. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, आणि गुदद्वारातून ताप मोजू नका. काउंट कमी असताना संसर्ग काही तासांत बळावतो. त्यामुळे 'सकाळी पाहू' हा विचार इथे चालत नाही. जवळच्या रुग्णालयात जावे लागले तर पहिल्याच वाक्यात 'ल्युकेमियाची केमो चालू आहे' असे सांगा, नाही तर रांगेत बसवतील.

९. फाइल आणि सामान

फाइलमध्ये मूळ निदानाचा अहवाल, प्रोटोकॉलचा तक्ता, मात्रा बदलल्याच्या सगळ्या चिठ्ठ्या, तारखेनुसार लावलेले सीबीसी आणि यकृताचे अहवाल, आणि जनुकीय तपासणी झाली असल्यास तिचा कागद असावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि मुलाचे व पालकांचे आधार कार्ड लागते. तुमच्या रुग्णालयात ती चालते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, विचारा. रेल्वेने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी ये-जा करावी लागत असेल तर कर्करोग रुग्णांच्या सवलतीचा अर्ज रुग्णालयातून भरून घ्या. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

घरात डिजिटल थर्मामीटर, गोळी कापायचे कटर, हातमोजे, कॅलेंडर आणि एक जाड वही हवी. तालुक्याच्या केमिस्टकडे मर्कॅप्टोप्युरिन बहुधा नसते, म्हणून घरात दोन आठवड्यांचा साठा उरला की पुढची सोय करायची. कंपनी बदलली तरी चालते, पण पट्टीवर 'मर्कॅप्टोप्युरिन ५० मिग्रॅ' हे शब्द स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

१०. औषध बंद होताना

शेवटची गोळी देण्याची तारीख प्रोटोकॉलप्रमाणे ठरते, काउंट चांगले आहेत म्हणून ती अलीकडे येत नाही. बंद केल्यानंतर काही आठवड्यांत काउंट नेहमीच्या पातळीकडे सरकू लागतात. को-ट्रायमॉक्साझोल मात्र त्यानंतरही काही काळ चालू राहते. राहिलेल्या लसी कधी सुरू करायच्या, ते डॉक्टर सांगतील. जिवंत लसींसाठी साधारण सहा महिने थांबतात. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, बेसिनमध्ये वाहू देऊ नका आणि ओळखीच्या दुसऱ्या मुलासाठीही देऊन टाकू नका. त्या रुग्णालयाच्या औषधविभागात परत करता येतात का ते विचारा आणि कटरही त्याच पिशवीत घाला.